राउटर आणि फायरवॉल : घरच्या नेटवर्कच्या राखणीचा इतिहास

घरगुती राउटर ही वस्तू राखणीसाठी बनलेली नव्हती. इंटरनेटची एकच जोडणी घरातल्या दोन-तीन संगणकांना वाटून घेता यावी, एवढ्या सोयीसाठी ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली. बाहेरून येणारी आगंतुक वाहतूक तिने अडवली ती जाता जाता. फायरवॉल मात्र पहिल्यापासून अडवण्यासाठीच तयार झाली होती, पण ती होती विद्यापीठांसाठी, प्रयोगशाळांसाठी आणि मोठ्या कंपन्यांसाठी. आज घराच्या कोपऱ्यात दिवे लुकलुकवत बसलेल्या पेटीत ही दोन्ही कुळे एकत्र नांदतात. ती एकत्र आली याला कारण झाली पत्त्यांची टंचाई, केबल कंपन्यांचा हिशेबीपणा आणि इंटरनेटवर धुमाकूळ घालणारे काही प्रोग्रॅम.

१९८० च्या दशकात इंटरनेटचा कारभार ओळखीपाळखीवर चाले. जोडलेल्या संस्था मोजक्या होत्या आणि एका नेटवर्कमधून दुसऱ्यात माहितीची पॅकेट पोचवणाऱ्या राउटरला, पॅकेट कोणाचे आणि कशासाठी आले, हे विचारायची गरज वाटत नव्हती. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आला. क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाकडे तो शोधण्याचे काम आले, आणि शोध जाऊन पोचला पश्चिम जर्मनीत बसून अमेरिकी लष्करी संगणकांत शिरणाऱ्या घुसखोरापर्यंत. त्यानंतरही फारसे कोणी दार लावून घेतले नाही. धक्का बसला तो २ नोव्हेंबर १९८८ रोजी. कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेला प्रोग्रॅम स्वतःच्याच नकला काढत एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरत गेला. ई-मेल पोचवणाऱ्या सेंडमेलमधली एक उघडी वाट, फिंगर या सेवेतली एक चूक आणि लोकांचे सोपे पासवर्ड एवढे भांडवल त्याला पुरले. तेव्हा इंटरनेटवर सुमारे ६०,००० संगणक होते आणि त्यांतले ६,००० च्या आसपास ठप्प झाले, असा अंदाज त्या वेळी मांडला गेला. पाठोपाठ कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा संकटांच्या वेळी धावून जाणारे ‘सर्ट’ हे पथक उभे राहिले, आणि नेटवर्कच्या वेशीवर तपासणी हवी हे संस्थांना पटले.

तपासणीची पहिली साधने डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक या कंपनीत घडली. तिथे जेफ्री मोगल यांनी १९८९ मध्ये ‘स्क्रीनडी’ नावाची व्यवस्था मांडली. प्रत्येक पॅकेटवर ते कोणत्या पत्त्यावरून आले, कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या पोर्टवर, म्हणजे त्या यंत्रावरच्या कोणत्या सेवेच्या क्रमांकावर, चालले हे लिहिलेले असते. आधी ठरवलेल्या नियमांशी ते ताडून पाहायचे आणि सोडायचे की टाकून द्यायचे हे ठरवायचे, अशी ही पद्धत. ती जलद होती, पण तिला स्मरण नव्हते. आतल्या माणसाने मागवलेले उत्तर आणि बाहेरच्याने उत्तराचे सोंग घेऊन पाठवलेले पॅकेट यांतला फरक तिला कळत नसे. बेल लॅबोरेटरीजमध्ये बिल चेस्विक आणि स्टीव्हन बेलोविन यांनी दुसरी वाट धरली. आतल्या आणि बाहेरच्या यंत्रांची थेट गाठच पडू द्यायची नाही. मधल्या संगणकाने दोघांशी वेगवेगळे बोलायचे. या दोघांचे १९९४ चे पुस्तक पुढे या विषयातले पायाभूत पुस्तक ठरले. मार्कस रॅनम यांनी डेकमध्ये अशीच मध्यस्थ पद्धतीची फायरवॉल बांधली आणि १९९३ मध्ये दुसऱ्या कंपनीत असताना तशीच साधने मूळ कोडसह खुली केली. १९९४ मध्ये इस्रायलच्या चेक पॉइंट कंपनीने ‘फायरवॉल-१’ आणली. तिने पहिल्या पद्धतीला स्मरणशक्ती दिली : आतून कोणी कोणाशी संभाषण सुरू केले याची नोंद ठेवायची आणि त्या नोंदीत बसणारेच पॅकेट आत घ्यायचे. ‘स्टेटफुल’ म्हणून ओळखली जाणारी ही रीत आजच्या स्वस्तातल्या स्वस्त राउटरमध्येही आहे. त्या वेळी मात्र ती हजारो डॉलरची, प्रशिक्षित माणूस दिमतीला लागणारी ऑफिसची चीज होती.

याच काळात एक निराळीच अडचण उभी राहिली. इंटरनेटचा जुना पत्ता, म्हणजे आयपीव्ही४, ३२ बिटांचा. त्यातून फार तर सुमारे ४२९ कोटी पत्ते निघतात, आणि त्यांतलेही मोठमोठे तुकडे सुरुवातीच्या संस्थांनी सढळ हाताने वाटून घेतले होते. पत्ते संपणार हे १९९० च्या दशकाच्या आरंभीच दिसू लागले. मे १९९४ मध्ये क्येल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१ या दस्तऐवजात पत्तेबदलाची, म्हणजे नॅटची कल्पना मांडली. त्याच सुमारास खासगी वापरासाठी काही पत्ते बाजूला काढले गेले, १९२.१६८ ने सुरू होणारे, आज घरोघरी दिसणारे पत्ते त्यांतलेच. नॅट हा तात्पुरता उपाय आहे, असे खुद्द त्या दस्तऐवजातच म्हटले होते. सुरक्षा हा तर त्याचा हेतूच नव्हता. उलट नॅटमुळे सुरक्षेचे काही पर्याय कमी होतात अशी कबुलीही त्यात होती.

तरीही राखण झाली. ती कशी, हे एका विनंतीच्या प्रवासात दिसते. घरातल्या १९२.१६८.१.१०० या पत्त्याच्या संगणकावर कोणी वर्तमानपत्राचे पान उघडले, की संगणक आपल्या बाजूचा एक पोर्ट, समजा १०४५, निवडतो आणि विनंती राउटरकडे देतो. राउटर तिच्यावरचा घरातला पत्ता पुसतो, कंपनीने दिलेला सार्वजनिक पत्ता आणि आपला एक पोर्ट, समजा ४०००१, तिथे लिहितो आणि ही अदलाबदल आपल्या तक्त्यात नोंदवतो. उत्तर ४०००१ वर आले की तक्ता पाहून ते नेमक्या संगणकाकडे जाते. संभाषण थांबले की थोड्या वेळाने ती ओळ खोडली जाते. आता बाहेरच्या एखाद्या यंत्राने कोणी न बोलावता याच सार्वजनिक पत्त्यावर दार ठोठावले, तर तक्त्यात त्याच्यासाठी ओळच नसते. ते पॅकेट कोणाकडे द्यायचे हे राउटरला ठाऊक नसते आणि तो ते टाकून देतो. सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन वहीत नाव नाही म्हणून पाहुण्याला परत पाठवतो, तसाच हा प्रकार. पाहुणा चोर आहे की सभ्य, हे वॉचमनने तपासलेले नसते. घरगुती राउटरच्या सुरक्षेचा मोठा भाग, आणि तिची मर्यादाही, या एका तक्त्यात आहे.

घराला अशा पेटीची गरज मात्र लगेच पडली नाही. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले तेव्हा जोडणी टेलिफोनवरून होई. मोडेम किरकिरत नंबर फिरवी, संगणकाला तेवढ्यापुरता पत्ता मिळे आणि फोन ठेवला की तो जाई. बिल वाढेल या धास्तीने कोणी तासन्‌तास जोडलेले राहत नसे. घुसखोराला पत्ता सापडेपर्यंत तो बदललेला असे. अमेरिकेत केबल आणि डीएसएल जोडण्या आल्या आणि हे चित्र पालटले. संगणक रात्रंदिवस एकाच पत्त्यावर सापडू लागला, आणि विंडोजमध्ये फाइल व प्रिंटर वाटून घेण्याची सोय उघडी राहिली, तर केबलच्या त्याच पट्ट्यातल्या शेजाऱ्याला दुसऱ्याचे फोल्डर आपल्या पडद्यावर दिसत. स्टीव्ह गिब्सन यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘शील्ड्सअप’ या मोफत चाचणीत आपल्या संगणकाचे कोणते पोर्ट जगाला उघडे आहेत हे क्षणात कळे, आणि अनेकांना पहिला हादरा तिथेच बसला.

उपाय तीन होते. पहिला, संगणकावरच बसवायचा सॉफ्टवेअरचा. झोनअलार्मसारखा प्रोग्रॅम बाहेरून येणारे तर अडवीच, शिवाय आतला कोणता प्रोग्रॅम बाहेर बोलू पाहतो आहे हेही विचारी. त्याचे प्रश्न इतके येत की वापरणारा कंटाळून सगळ्यांना ‘हो’ म्हणू लागे. अशा सॉफ्टवेअरची दुसरी बाजू मार्च २००४ मध्ये उघडी पडली. ‘विटी’ नावाचा वर्म, म्हणजे मॉरिसच्या प्रोग्रॅमसारखा आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, ब्लॅकआइस या फायरवॉलमधल्याच चुकीतून शिरला, सुमारे १२,००० यंत्रांत पोचला आणि त्यांच्या डिस्कवरची माहिती खरवडू लागला. राखणदार नसता तर ती यंत्रे वाचली असती. दुसरा उपाय हौशी लोकांचा : जुना ४८६ किंवा पेंटियम संगणक, त्यात दोन नेटवर्क कार्डे आणि लिनक्स. लिनक्सच्या गाभ्यातली आयपीचेन्स आणि २००१ पासूनची आयपीटेबल्स ही साधने ऑफिसच्या फायरवॉलच्या तोडीची होती आणि फुकट होती. पण ती लावायला रात्री खर्ची घालाव्या लागत आणि पंखा दिवसभर घरघरत असे.

तिसरा उपाय दुकानात तयार मिळू लागला आणि तोच टिकला. व्हिक्टर आणि जेनी त्साओ या तैवानहून अमेरिकेत आलेल्या दांपत्याने १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये लिंक्सिस ही कंपनी काढली होती. तिची बीईएफएसआर४१ ही निळी-काळी पेटी शतक उलटण्याच्या सुमारास बाजारात आली. मागे केबलसाठी एक सॉकेट आणि घरातल्या संगणकांसाठी चार. ती खपली याचे श्रेय भीतीपेक्षा काटकसरीला जाते. केबल कंपन्या प्रत्येक जादा संगणकासाठी जादा आकार मागत. या पेटीमुळे कंपनीला एकच यंत्र दिसे आणि मागे घरभर यंत्रे चालत. संगणकाच्या कार्डाचा हार्डवेअर पत्ता राउटरने धारण करण्याची सोय, म्हणजे मॅक क्लोन, अशा पेट्यांत होती ती त्यासाठीच. मुंबई-पुण्यात गच्चीवरून गच्चीवर तारा ओढून जोडणी देणारा केबलवाला खाते एका कार्डाच्या पत्त्याला बांधून ठेवी, तेव्हा हीच सोय इथेही उपयोगी पडली. त्या तारांवरही इमारतीतले सगळे ग्राहक एकाच नेटवर्कवर असत, त्यामुळे राउटर न लावणाऱ्याचे फोल्डर दोन मजले वरच्या शेजाऱ्यालाही दिसू शकत.

लिंक्सिसची पुढची पेटी, डब्ल्यूआरटी५४जी, २००२ च्या अखेरीस आली आणि तिने या व्यवसायाची दिशा बदलली. दोन अँटेना, सव्वाशे मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, १६ एमबी मेमरी. २००३ मध्ये सिस्कोने सुमारे ५० कोटी डॉलर मोजून लिंक्सिस विकत घेतली. त्याच वर्षी जाणकारांच्या लक्षात आले की या पेटीच्या आत लिनक्स चालते, पण लिनक्सच्या परवान्याप्रमाणे मूळ कोड खुला केलेला नाही. कोड आला होता चिप बनवणाऱ्या ब्रॉडकॉमकडून, आणि ब्रॉडकॉमने तो तैवानच्या एका कंपनीकडून लिहून घेतला होता. विकत घेणाऱ्या सिस्कोला याचा पत्ता नव्हता. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने पाठपुरावा केला आणि कोड खुला करावा लागला. त्याच कोडावर जानेवारी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या राउटरलाही नवे सॉफ्टवेअर चढवता येऊ लागले, आणि राउटर निवडताना जाणकार तेव्हापासून ‘यावर ओपनडब्ल्यूआरटी चालते का?’ हे आधी विचारतात. पुढे कंपनीने खर्च वाचवायला लिनक्स काढून मेमरी कमी केली तेव्हा इतकी ओरड झाली, की लिनक्सवाले जुने रूप डब्ल्यूआरटी५४जीएल या नावाने पुन्हा विकावे लागले.

या सुमारास इंटरनेटवर वर्मची साथच आली होती. जुलै २००१ मध्ये कोड रेड, २५ जानेवारी २००३ रोजी स्लॅमर, ११ ऑगस्ट २००३ पासून ब्लास्टर, एप्रिल २००४ च्या अखेरीस सॅसर. स्लॅमर अवघा ३७६ बाइटचा होता आणि सापडण्याजोगी बहुतेक यंत्रे त्याने दहा मिनिटांत गाठली. घरांना झोंबले ते ब्लास्टर आणि सॅसर. नवी विंडोज एक्सपी बसवून संगणक थेट इंटरनेटला लावला, तर दुरुस्त्या उतरवून होण्याआधीच तो बाधित होई आणि ‘साठ सेकंदांत यंत्र बंद होईल’ अशी चौकट पडद्यावर येई. नॅट राउटरमागे असलेल्या संगणकांना मात्र ही बाधा बाहेरून पोचत नव्हती. एक्सपीत फायरवॉल पहिल्यापासून होती, पण ती बंद ठेवून दिली जाई. ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून ती आपोआप सुरू राहू लागली. एका सेटिंगच्या मूळ स्थितीत केलेला हा बदल असंख्य सल्ल्यांपेक्षा जास्त कामाचा ठरला.

भारतात घरगुती ब्रॉडबँड पसरले ते २००५ पासून, बीएसएनएलच्या डेटावन आणि एमटीएनएलच्या ट्रायबँड योजनांमुळे. राउटर निवडण्याचा प्रश्न इथे बहुतेकांना पडलाच नाही. लाइनमन जो मोडेम लावून जाई तोच राउटर. त्यातही मोडेम ब्रिज मोडमध्ये ठेवून संगणकावरच्या डायलरने जोडणी करायची पद्धत बऱ्याच ठिकाणी होती. तिच्यात सार्वजनिक पत्ता थेट संगणकाला मिळे आणि नॅटचा आडोसा उरत नसे.

वाय-फाय आल्यावर भिंतीतून नवी वाट फुटली. १९९७ च्या मूळ प्रमाणातले वेप हे कुलूप ऑगस्ट २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर यांनी निकामी ठरवले. बदली म्हणून २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आले, तरी असंख्य घरांतले राउटर कुलपाविनाच चालत होते. त्याची किंमत महाराष्ट्राने जवळून पाहिली. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे पाठवलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग पोलिसांनी काढला तो नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत पोचला. तिथल्या रहिवाशाचे वाय-फाय उघडे होते आणि ते दुसऱ्यानेच वापरले होते. त्यानंतरच्या महिन्यांत मुंबईतली आणखी उघडी नेटवर्क अशाच ई-मेलसाठी वापरली गेली. मुंबई पोलिसांनी २००९ च्या आरंभी उघड्या वाय-फायच्या शोधात शहरात फिरती तपासणी जाहीर केली, आणि दूरसंचार विभागाने जोडणी देणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांची वाय-फाय नेटवर्क सुरक्षित करून घेण्याचे आदेश दिले. वाय-फायला पासवर्ड लावणे ही अनेकांसाठी त्यानंतरची सवय.

घरचे संगणक सुधारत गेले तसा घुसखोरांचा मोर्चा खुद्द राउटरकडे वळला. तो सतत चालू, कोणाचे लक्ष नसलेला, वर्षानुवर्षे जुनेच सॉफ्टवेअर चालवणारा संगणक होता, आणि त्याचा पासवर्ड बहुधा ‘अ‍ॅडमिन’ असे. सोयीसाठी दिलेल्या गोष्टींनीही घात केला. खेळ आणि कॅमेरे आपोआप चालावेत म्हणून आलेले यूपीएनपी आतल्या कोणत्याही प्रोग्रॅमला विनापासवर्ड पोर्ट उघडू देई. जानेवारी २०१३ मध्ये रॅपिड७ कंपनीने केलेल्या पाहणीत चार ते पाच कोटी यंत्रे याच सेवेतल्या चुकांमुळे थेट इंटरनेटवरून धोक्यात असल्याचे दिसले. बटण दाबून वाय-फाय जोडणाऱ्या डब्ल्यूपीएसचा आठ अंकी पिन फार तर ११,००० प्रयत्नांत सापडतो, हे डिसेंबर २०११ मध्ये उघड झाले. २०१६ मध्ये मिराई या प्रोग्रॅमने साठेक ठरीव नावे आणि पासवर्ड आळीपाळीने वापरत कॅमेरे आणि राउटर यांची फौज जमवली; २१ ऑक्टोबरला तिने संकेतस्थळांच्या नावांचे पत्ते सांगणाऱ्या डिन या कंपनीवर मारा केला तेव्हा अमेरिकेत मोठमोठी संकेतस्थळे दिवसभर अडखळत राहिली. महिनाभराने जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची जोडणी बंद पडली. कंपनीला दुरून देखभाल करता यावी म्हणून उघडा ठेवलेला पोर्ट तिथे लक्ष्य झाला होता. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ज्या ग्राहकांनी मोडेमचा मूळ पासवर्ड बदलला नव्हता, त्यांचे हजारो मोडेम निकामी झाले. कर्नाटकात त्याचा फटका मोठा होता. मे २०१८ मध्ये ५४ देशांतले किमान ५ लाख राउटर आणि साठवणयंत्रे व्हीपीएनफिल्टर या घुसखोर प्रोग्रॅमच्या ताब्यात असल्याचे कळले, आणि अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना राउटर एकदा बंद करून सुरू करायला सांगितले.

या घटनांनी निवडीचा निकष बदलला. पेटीवर छापलेला वेग आणि अँटेनांची संख्या यांनी राखण होत नाही. चूक सापडल्यावर दुरुस्ती किती दिवसांत येते आणि किती वर्षे येत राहते, यावर ती होते. २०१५ मध्ये गूगलने आणि २०१६ मध्ये ईरोने आणलेले राउटर मालकाला न विचारता स्वतःच अद्ययावत होत. ही चाल पुढे इतरांनीही उचलली. २०१८ मध्ये वाय-फायचे नवे कुलूप, डब्ल्यूपीए३, आले. दरम्यान पत्त्यांचा जुना साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती पातळीवर संपला होता. आयपीव्ही४ ची जागा घेणाऱ्या आयपीव्ही६ मध्ये घरातल्या प्रत्येक यंत्राला सार्वजनिक पत्ता मिळू शकतो, म्हणजे नॅटच्या तक्त्याने जाता जाता दिलेले संरक्षण तिथे नसते. राउटरमधली फायरवॉल खरोखर चालू आहे ना, हे पाहणे म्हणूनच आता गरजेचे आहे.

कायदा सर्वांत शेवटी आला. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२० पासून इंटरनेटला जोडायच्या प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पासवर्ड किंवा पहिल्या वापराआधी तो बदलण्याची सक्ती केली. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना सारखा असणारा मूळ पासवर्ड बेकायदा ठरवला आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या कमीत कमी कधीपर्यंत मिळतील हे निर्मात्याने जाहीर केलेच पाहिजे असे बजावले. राउटर घेताना ही तारीख कुठेच सापडत नसेल, तर ती पेटी दुकानातच राहू द्यावी.